बेबाबाईचे कान आणि माझे वरचे तोंड

मित्रांनो, एरंडोलजवळच्या एका खेड्यात जीवरामनानांच्या ओसरीवर, धुतलेल्या चादरीखाली कमरेएवढे उंच काही झाकलेले दिसले, तर ती तिजोरी नव्हे, मी आहे. मी एक जुना स्पीकर. पलीकडच्या कोपऱ्यात माझा जोडीदार उभा आहे. आम्ही दोघे एकाच कारखान्यात तयार झालो. जाड लाकडाची पेटी, पोटात ताटाएवढा मोठा पडदा आणि त्याच्यावर लिंबाएवढा छोटा पडदा. त्याला मी माझे वरचे तोंड म्हणतो.

मोठ्या पडद्याचे काम ढोल आणि ढगांच्या गडगडाटाचे. त्याची वाहवा लगेच होते. छोट्याचे काम कुणाच्या लक्षातही येत नाही, पण बोलण्यातले स, च, ट असले बारीक आवाज त्याच्याच वाट्याला असतात. कुणाला तोंडावर उशी धरून बोलायला सांगा, मित्रांनो. आवाज येईल, शब्द येणार नाहीत.

सुरुवातीची वर्षे आम्ही जळगावला मेहरूणमध्ये, नानांच्या मुलाकडे, भूपेंद्रकडे काढली. आमचा आवाज ज्याच्या जोरावर चालतो ते यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, तिथे चांगले भक्कम होते. त्याचे बटण कधी अर्ध्याच्या वर गेले नाही. तेवढ्यातच घर भरून जाई. पाहुणे खास आम्हाला ऐकायला येत आणि मी, खोटे कशाला बोलू, थोडा फुगून जाई. पुढे एका पावसाळ्यात वीज पडून ते यंत्र जळाले. भूपेंद्रने टीव्हीखाली पट्टीसारखा बारीक स्पीकर बसवला आणि आमची रवानगी गावी झाली. आईला कमी ऐकू येते, तिला उपयोग होईल, असे तो म्हणाला.

त्याची आई म्हणजे बेबाबाई. तिची मुलगी रूपा सुरतेला दिली आहे. फोनवर बेबाबाईला रूपाचे बोलणे समजत नसे. फोन यंत्राला जोडून ते आमच्यातून ऐकवायचे, असे ठरले. फक्त नवे यंत्र हवे होते.

नानांनी मला छोट्या टेम्पोत घालून एरंडोलच्या दुकानात नेले. दुकानदाराने माझ्या पाठीवरचे आकडे वाचले आणि दोन यंत्रे पुढे ठेवली. एक जड, एक हलके. मोठ्या पेट्यांना मोठेच यंत्र लावा, ते आरामात चालेल, असे त्याने दोनदा समजावले. मी मनातल्या मनात मान डोलावत होतो. पण नानांच्या डोळ्यांपुढे आदल्या उन्हाळ्यातले केळीचे शेत होते. विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि ठिबकच्या नळ्या जागोजागी फाटल्या होत्या.

"मोठी मोटर लावी का नळी फाटस," नाना म्हणाले. "हाई भी तसंच शे. मशीन धाकलंच बरं."

दुकानदाराने हलके यंत्र बांधून दिले. नानांनी हे कंजूषपणाने केले नाही, मित्रांनो. मला काही होऊ नये म्हणून केले, आणि तेच मला जास्त लागते. व्होल्टेज उतरले की मोटर घुमते, तापते आणि जळते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तेव्हा ते पळत जाऊन ती बंद करतात. धाकल्या यंत्राला ओढून ताणून चालवले की माझेही तसेच होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. मी सांगणार तरी कसे? तारेतून जे येईल तेवढेच मला बोलता येते.

तरी पहिले काही महिने छान गेले. रोज दुपारी रूपाचा फोन येई. बेबाबाई माझ्यासमोर बाजेवर बसे. नातवाने शाळेत काय केले, शेजारणीशी कशावरून वाजले, सगळे तिला अक्षर न् अक्षर समजे. समोरून शब्द पुरा होण्याआधीच ती हसू लागे. त्या हसण्यापुढे मेहरूणच्या पाहुण्यांची वाहवा मला फिकी वाटली.

मग श्रावणात आमच्या खानदेशाची देवी कानबाई घरात बसली. सगळे भाऊबंद तिच्या प्रसादाचे रोट खायला जमले, ओसरी गच्च भरली. गाणी लावली तर त्या गलक्यात ऐकू येईनात. नानांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. धाकल्या यंत्राचा दम तिथेच सुटला. त्यातून फाटका, खरखरीत आवाज येऊ लागला. तो माझ्या वरच्या तोंडात घुसला, आतली केसाएवढी तार तापली आणि तुटली. जोडीदाराचेही तेच झाले. जळका वास आला होता, पण धुपाच्या वासात तो कुणाला कळला नाही. मोठा पडदा तर दणदणत होताच. लोक म्हणाले, काय वाजतंय नाना!

कानबाईचे विसर्जन झाल्यावर रूपाचा फोन आला. बेबाबाई नेहमीसारखी पुढे सरकून बसली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्यातून नुसती घुमघुम निघाली. तिने पुन्हा बोलायला लावले, मग आणखी एकदा. नानांचे कान तिखट, त्यांना त्या घुमघुमीतूनही निम्मे कळत होते, म्हणून आवाज ठीकच आहे असे त्यांनी धरले. त्यांनी बटण वाढवले. घुमघुम वाढली.

"ऱ्हाऊ द्या," बेबाबाई म्हणाली. "मना कान गयात आते. तुम्हीच बोला पोरसंगे."

तिने बाज मागच्या खोलीत हलवली. भूपेंद्रने कानाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणून पाहिले, पण गेलेल्या कानांना आता काय दाखवायचे, असे म्हणून ती उठलीच नाही. घरातले आता तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलतात, जेवायला ये, औषध घे, एवढेच. रूपा अजून फोन करते. आईला द्या म्हणते. नाना सांगतात की तिला आता ऐकू येत नाही, आणि पलीकडे रूपा फोन ठेवते. हे सगळे माझ्यासमोर घडते आणि मी चादरीखाली नुसता उभा असतो. नाना रोज चादर झटकतात, मला पुसतात. इतके प्रेम, आणि त्यांना काहीच माहीत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या मोठ्या पेट्यांना जपायचे म्हणून दुबळे यंत्र लावू नका. ते नाही जमले तरी चालेल, पण या बाजूला आलात तर माझे एक काम करा. नानांना गाणे लावायला सांगा, चादर बाजूला सारा आणि माझ्या वरच्या तोंडाला कान लावा. तिथे काहीच वाजत नाही, हे तुम्हाला लगेच कळेल. मग मागच्या खोलीत जा आणि बेबाबाईला सांगा, तिचे कान गेलेले नाहीत.