केशरबाईच्या उजव्या डोळ्याची काच

मी केशरबाईच्या उजव्या डोळ्याचा पडदा बोलतोय. पडदा म्हणजे पापणी नव्हे, तिचा तोरा वेगळा. डोळ्यातल्या काळ्या गोलापुढे, घड्याळावर काच बसवावी तसा जो बसलेला असतो, तो मी. लोक काळ्या गोलाचं कौतुक करतात आणि माझ्यातून आरपार बघत पुढे जातात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी कुणाला दिसत नव्हतो याचा अर्थ माझं काम चोख चाललं होतं.

आता मात्र मी दिसतो. नगरच्या एका दवाखान्यात, फ्रीजमधल्या छोट्या बाटलीत मी पडून आहे. रंग पांढुरका, दुधात पाणी घातल्यासारखा.

माझा जन्म संगमनेरचा, केशरबाईबरोबरच झालेला. ती लहान असताना गावात देवीची साथ आली आणि तिचा डावा डोळा घेऊन गेली. माझा तो जोडीदार मला फारसा आठवतही नाही. तेव्हापासून तिचं सगळं पाहणं माझ्या एकट्यावर आलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा गर्वच होता.

काय काय पाहिलं आम्ही! प्रवरेच्या पुलावरून जाणारे उसाचे गाडे, नवी नवरी म्हणून ज्या गल्लीत ती आली तिथली बुटकी घरं, हमालीवरून परतणारा तिचा नवरा सहादू लांबून कोपऱ्यावर वळायचा ते. सगळ्यात जास्त पाहिली ती बिडीची पानं. गल्लीतल्या बाया दुपारी ओळीनं ओट्यावर बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कातर. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कडेनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा. केशरबाईची बिडी कारखान्यात कधी बाजूला काढली जात नसे. बाया म्हणायच्या, हिला एकच डोळा हाय पण दोघींचं बघती. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं, पण मी बोलतोय कुठे.

मी बनलोय प्रथिनांचा. माझ्यात रक्ताची एकही नळी नाही. अश्रूंवर आणि वाऱ्यावर माझं भागतं. प्रथिनांचे बारीक धागे माझ्या अंगात सारख्या अंतरानं मांडलेले असतात, बंडलात बिड्या बसतात तसे. ती मांडणी सरळ आहे तोवर उजेड अडत नाही. आणि माझ्या पेशी दिवसभर लागतील तेवढीच प्रथिनं तयार करून डागडुजी करत राहतात. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही खाडा केला नाही.

बहात्तर साली पाऊस फिरकला नाही. नदीच्या पात्रातून धूळ उठायची आणि गावभर बसायची. पुढच्या उन्हाळ्यात केशरबाईला ताप आला. ओठाच्या कडेला बारीक फोड उठले, ते वाळले, आणि मग मी टोचायला लागलो. उजेड सहन होईना, पाणी थांबेना. धुळीनं झालं असेल असं सगळ्यांना वाटलं. धूळ नव्हती ती. एक विषाणू माझ्या पेशींत शिरला होता. तो स्वतः काही करत नाही. माझ्याच पेशींना कामाला जुंपतो आणि त्यांच्याकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. घरच्या चुलीवर पाहुण्याचाच स्वयंपाक व्हावा आणि घरचे उपाशी राहावेत, तसं माझं झालं.

आता त्या ओट्यावरची एक रीत सांगतो. तिथं कुणी काही एकटीचं म्हणून ठेवत नसे. एकीचा चुना तो सगळ्यांचा चुना. एकीचं डोकेदुखीचं मलम ओळीच्या शेवटापर्यंत फिरून यायचं. मागे शेजारच्या साळूबाईचे डोळे आले होते तेव्हा तिला थेंबांची बाटली मिळाली होती आणि गुण आला होता. निम्मी बाटली उरली होती. ती तिनं पदराच्या गाठीतून काढून केशरबाईच्या हातावर ठेवली. यात वावगं असं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

आणि गुण आला की! लाली उतरली, ठणका गेला. थेंब त्या दुखण्याचे नव्हतेच. त्यांनी माझं रडणं बंद केलं आणि विषाणूला मोकळं रान दिलं. माझ्यातली वेदनाही मेली होती, म्हणून केशरबाईला वाटलं आपण बऱ्या झालो. बाटली संपली तशी साळूबाईनं दुकानातून तसलीच दुसरी आणून दिली. माझे धागे विस्कटत गेले, जखमेच्या जागी वण धरला, आणि एक दिवस केशरबाईनं सहादूला विचारलं, आज धुकं पडलंय का. वैशाख चालू होता.

गल्ली म्हणाली, डोळ्यात फूल पडलं. मधाचं बोट झालं, बाळंतिणीच्या दुधाचे थेंब झाले. केशरबाई चाचपून बिड्या वळू लागली. फर्म्याची कड बोटाला कळायची, पण पानावरचा डाग आणि चीर कळत नसे. तिच्या बिड्या कारखान्यात बाजूला पडू लागल्या. ती कुणाजवळ रडली नाही. सहादूनं भाकरी तिच्या पुढ्यात सरकवली आणि भाजी कुठे आहे ते सांगितलं, की मात्र ती अर्ध्या भाकरीवरच उठायची.

साळूबाई हे बघून आतल्या आत खचत होती. तीच एसटीनं तिला नगरला घेऊन आली. इथल्या दवाखान्यातल्या शिरसाठ डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर पिवळा रंग टाकून दिवा धरला. वाळल्या बाभळीच्या फांदीसारखी नक्षी उमटली असणार, कारण त्यांनी दिवा आणखी जवळ आणला. औषध कुणाचं घातलं, असं त्यांनी विचारलं. साळूबाईनं मान खाली घातली. केशरबाई मात्र लगेच म्हणाली, की मीच आणलं हुतं.

औषधानं विषाणू दबला, पण वण राहिला. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय सांगितला. मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा चांगला पडदा मिळाला तर तो बसवता येईल. हे ऐकून केशरबाईच्या अंगावर काटा आला. गावी परतल्यावर गल्लीनं त्यात भर घातली, की मेलेल्याच्या नजरेनं मेलेलीच माणसं दिसतात. ती नको म्हणून बसली. तेव्हा साळूबाई तिला म्हणाली, "माझ्या हातानं तुझा डोळा गेला. तू न्हाई म्हनलीस तर मी ह्या ओट्यावर कशी बसू ते सांग." केशरबाईनं तिचा हात धरला आणि नगरला होकार कळवायला सांगितलं.

पडदा मिळाल्याचा निरोप यायला पुढचं वर्ष उजाडलं. केडगावचे रंगनाथ, रेल्वे फाटकावर गेटमन होते, ते गेले. नातेवाईक त्यांच्या बायकोला, कलाबाईंना, डोळे देण्यापासून अडवत होते, पुढच्या जन्मी आंधळे होतील म्हणून. कलाबाई एवढंच म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याची वाट मोकळी केली त्यांनी. आता मी कशाला आडवी येऊ?"

हे मला कसं ठाऊक? माझ्या शेजारच्या बाटलीत रंगनाथांच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा आहे, त्यानं सांगितलं. त्याचा भाऊ आता केशरबाईच्या डोळ्यात, माझ्या जागेवर बसला आहे. हा खर्डा गावच्या एका गृहस्थासाठी होता, पण त्यांच्या घरच्यांनी ऐनवेळी पाठवलंच नाही. तो अजून निर्मळ आहे. त्याच्याकडे बघून मला हेवा वाटला होता. मग तो लांबवरच्या सिग्नलच्या, धुराच्या रेघेच्या आठवणी सांगू लागला, मी प्रवरेच्या सांगितल्या, आणि आमचं जमलं.

उद्या आम्ही दोघं बर्फाच्या डब्यातून पुण्याला निघणार. तिथल्या प्रयोगशाळेत आम्हाला कुटून बारीक करतील आणि आमची प्रथिनं वीज लावून एका लिबलिबीत पट्टीवर शेजारी शेजारी पळवतील. रंग घातला की निळ्या रेघा उठतील. निरोगी पडद्याच्या रेघा कोणत्या, विषाणूनं माझ्याकडून बनवून घेतलेल्या कोणत्या, माझ्या पुसल्या गेलेल्या कोणत्या, ते ताडून बघतील. त्यातून एखाद्या केशरबाईचं दुखणं वेळीच ओळखता आलं तर मी भरून पावलो. तुम्हाला माझी विनवणी एवढीच, माया कितीही असली तरी एकाच्या डोळ्याचं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नका. आणि जाताना आमच्यासारख्यांना मागे ठेवून जा.

आज दुपारी केशरबाईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. मला ते पाहायला मिळणार नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी माझी बाटली हातात घेतली आणि वॉर्डात नेली. केशरबाई खाटेवर बसली होती. पायाशी साळूबाई पदर तोंडात धरून उभी होती. पट्टी उलगडली. केशरबाईनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग साळूबाईकडे, आणि म्हणाली, "किती वाळलीस गं तू."

डॉक्टरीणबाईंनी बाटली पुढे केली आणि हा तुमचा जुना पडदा म्हणून सांगितलं. केशरबाईनं ती उजेडात धरली. पोरवयापासून पन्नाशीपर्यंतचं तिचं सगळं जग माझ्यातून गेलं होतं, आणि तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. ती आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहत होती.

"येवढासाच हुतास व्हय रं," ती म्हणाली. "लई दावलंस मला."

येतो, केशरबाई.