साडेसोळाचा काटा

मित्रांनो, स्टँडवर जराशी डावीकडे कललेली, सीटला ठिगळ लावलेली ही जुनी मोपेड पाहिलीत? ती मीच. माझा रंग एके काळी तांबडा होता. हे आता माझं मलाच सांगावं लागतं.

कारखान्यातून निघाले आणि महिनाभरातच मंचरच्या दलीचंद शेठांच्या कापड दुकानात आले. आठवडी बाजारांना मागे कापडाचे गठ्ठे बांधून शेठ मला गावोगाव नेत. त्यांच्या पत्नी कंचनबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. पुढे दुकानाला टेम्पो आला आणि मी मागच्या पत्र्याखाली, रिकाम्या पोत्यांआड गेले. सात वर्षं मला कुणी सुरू केलं नाही. माझ्या दिव्याच्या काचेआड पालीने घर केलं.

तिथून मला बाहेर काढलं पारगावच्या लंकाबाईंनी. त्या भाजी विकतात. शेठांच्या जुन्या गिऱ्हाईक. "शेठ, ही गाडी मरायला ठेवलीय का?" त्यांनी विचारलं. शेठ हसून म्हणाले, "चालली तर तुमची!"

पारगावच्या पप्पू मेकॅनिकने मला चालती केली. पुढच्या टायरचं माप मिळेना, म्हणून त्याने जरा मोठा टायर बसवला. "चाक फिरतंय न्हवं? मग झालं!"

लंकाबाईंची भाची प्राची, त्यांच्या भावाची म्हणजे गोरखची मुलगी. वय एकोणीस. तिला लांब पल्ल्याचं पळायचं वेड. जुन्नरला दहा किलोमीटरची निवड चाचणी होती आणि छत्तीस मिनिटांच्या आत येणाऱ्या मुलींनाच पुढे पाठवणार होते. म्हणजे ताशी साडेसोळा किलोमीटरच्या किंचित वर. लंकाबाईंनी पदर खोचला आणि मला कालव्याच्या रस्त्यावर काढलं. "काटा साडेसोळाच्या जरा वर धरते. तू फकस्त माझ्या मागं ये."

असं रोज पहाटे सुरू झालं. मी पुढे, प्राची मागे. तिचा श्वास मला ऐकू यायचा. पाच किलोमीटरपर्यंत एका लयीत, सहाव्याला जड, आणि सातव्याला ती थांबायचीच. एकदा नाही, तीन आठवडे रोज. शेवटी एके दिवशी ती रस्त्यातच बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली.

सायकलवरून मागोमाग आलेले गोरखभाऊ हळूच म्हणाले, "पोरी, माणसाच्या पायाला हद्द असती. तुझी सातावर हाय. वाईट न्हाई वाटून घ्यायचं."

प्राचीने दुसऱ्या बुटाचीही नाडी सोडली. लंकाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"दादा, बाजारात म्या रोज काय करते? आधी तराजू बघते, मंग माल घालते. हितं आपण पोरीलाच तोलत बसलोय. काटा कुनी बघितला?"

कालव्यावर दर किलोमीटरला दगड आहे. दुसऱ्या दिवशी लंकाबाई एकट्याच मला घेऊन निघाल्या, काटा साडेसोळाच्या तितकाच वर स्थिर ठेवून, मनगटी घड्याळ लावून. पाच किलोमीटरला अठरा मिनिटं लागायला हवी होती. सतराच लागली.

पप्पूने डोक्यावर हात मारला. काटा पुढच्या चाकाचे नुसते फेरे मोजतो; मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो आणि काट्याला ते कळत नाही. मी साडेसोळा दाखवत होते आणि धावत होते साडेसतरा! मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी मुद्दाम खोटं बोलले नव्हते, पण माझ्यामुळे एक मुलगी रोज रडत घरी जात होती.

"म्हंजी आत्या, म्या रोज सात किलोमीटर साडेसतरानं पळत व्हते?" प्राचीने विचारलं आणि ती इतकी हसली की तिला खोकला आला.

पप्पूने पुण्याहून योग्य मापाचा टायर आणून बसवला. काटा पुन्हा दगडांवर तपासला. मग तो ऐटीत म्हणाला, "मॅरेथॉनवाली लई भारी माणसं एकवीसच्या वेगानं पळत्यात म्हनं, आन् तेबी दोन तास. म्यापण बघतो राव!" लंकाबाईंनी काटा एकवीसवर नेला. विजेच्या तिसऱ्या खांबापाशी पप्पू कालव्याच्या कठड्याला टेकून बसला होता.

जुन्नरला शर्यतीच्या रस्त्यावर मला परवानगी नव्हती. मी मैदानाबाहेर उभी होते. बराच वेळ नुसत्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग लंकाबाई चपला हातात घेऊन धावत आल्या आणि माझ्या हँडलवर थाप मारून ओरडल्या, "पस्तीस मिनिटं, चाळीस सेकंद!" मागून गोरखभाऊ आले, डोळे पुसत. "माझंच चुकलं, लंका," एवढंच म्हणाले.

आता प्राचीला चौतीस मिनिटं हवी आहेत. गेल्या आठवड्यात खऱ्या साडेसतरावर ती आठव्या किलोमीटरला मागे पडली. "आज न्हाई जमलं," म्हणाली आणि चालत घरी आली. हद्द असतेच, मित्रांनो. माझ्या इंजिनालाही आहे. पण ती कुठे आहे, हे नीट मापल्याशिवाय कुणाला सांगू नये.

तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र पोत्याखाली पडलं असेल. त्याला पुसा, तेलपाणी करा, त्याच्या मापाचाच भाग बसवा. आम्ही काय दाखवतो, त्यावर कुणीतरी विसंबून पळत असतं.