गल्लीभर ताणा

प्रयागबाईच्या गल्लीतून ट्रक जावा की तिथं ताणा लागावा, एवढाच प्रश्न होता. कचेरीला ट्रक हवा होता.

लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीभर ताणायचं, त्याला खळ लावायची आणि वाळेपर्यंत कोणी शिंकायचंही नाही, ही विणकरांची रीत. माग घरात असला तरी लुगड्याची सुरुवात गल्लीत होते.

रस्तारुंदीची बातमी आली तशी कॉलेजातली नकाशे काढणारी पोरं मदतीला धावली. ही ऐतिहासिक वस्ती म्हणून जाहीर करून घेऊ, म्हणाली. त्यांनी दारंखिडक्या नकाशात खिळ्यासकट काढल्या. प्रयागबाईचं दार कागदावर इतकं देखणं उतरलं, की तिनं अदलाबदल होते का विचारून पाहिलं.

पाहणीच्या दिवशी पोरांनी गल्ली झाडून मोकळी केली. खाटा, शेळ्या, म्हातारे आत गेले. प्रयागबाईनं तेवढ्यात ताणा लावला.

"काकू, आज राहू द्या ना. साहेब येऊन राहिले," पोरांचा म्होरक्या रविंद्र म्हणाला.

"येऊ दे ना गा. जुनं दाखवाचं म्हनत होता ना? हे त्या दारापेक्षा जुनं आहे."

जीप गल्लीच्या तोंडाशीच अडली. कचेरीचे मनोहररावसाहेब उतरले, नकाशा पाहून खूश झाले. "घरं ठेवू. गल्ली मात्र कोरी दिसते. रस्ता तिथून काढू."

रविंद्रचे कान लाल झाले. नकाशात गल्ली काढायची राहूनच गेली होती.

"मंग ताणा का छपरावर लावू?" प्रयागबाईनं खळीचा कुंचा खाली ठेवला नाही.

"बाई, गल्लीत कसला इतिहास?"

"तुमी उभे आहा त्याच्यावर. जरा सरका, सूत वलं आहे."

साहेब सरकले. भिंतीला पाठ घासत दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा कोटावर निम्मी गल्ली उतरली होती. तिथंच त्यांनी शेरा लिहिला: गल्लीही वस्तीत धरावी, मात्र ताण्याचा वापर सर्रास दिसला तरच. महिन्यानं पुन्हा पाहू.

अडचण अशी, की माग आता दोन-तीन घरांतच उरले होते. बाकीचे कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीवर, नाहीतर पानठेल्यावर.

"उद्यापासून दर घराचा ताणा," प्रयागबाईनं जाहीर केलं.

"मले गाठबी येत नाही वं वैनी," पानठेलेवाले नत्थूजी म्हणाले.

"शिका."

सकाळी नत्थूजी एका टोकाला सूत धरून उभे होते. मधे रविंद्र, कोपरापर्यंत खळीत.

"काकू, मंजुरी आली की थांबायचं ना?"

"मंजुरीनंतर त् रोजचंच आहे गा. हात चालव, वाळून राहिलं."