देम्मेलाशचा छंद

इथिओपियात तीस वर्षं जिम्मा ते अदिस अबाबा अशी बस हाकून निवृत्त झालेल्या देम्मेलाशने सहासष्टाव्या वर्षी कॉफी भाजायला शिकायचं ठरवलं. विचारलंच कुणी, तर छंद लागलाय म्हणून सांगायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. भाजणं हे बायकांचं काम. शेगडीपाशी उकिडवा बसलेला पुरुष आळीत कुणी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याला जन्मभर सोडला नसता.

खरं कारण वेगळं होतं. त्याची बायको अस्कालेच पावसाळ्यात तापाने पडली. ताप उतरला, पण जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. हे घरात दोघांनाच ठाऊक होतं. एकदा तिच्या पाठीमागे दूध उतू जाऊन करपलं, सगळं घर धुराने भरलं, आणि बाई शांतपणे कांदा चिरत बसलेली. त्या दिवशी तिने नवऱ्याला मेरीमातेची शपथ घातली, "कुणाला बोलाल तर बघा!"

आणि ही कुठली बाई? जिच्या हातच्या कॉफीसाठी आळीतल्या बायका आपापलं तिवई-स्टूल उचलून यायच्या ती. ताप गेल्यावर तिने पहिल्यांदाच सगळ्यांना बोलावलं आणि बियांचा कोळसा करून ठेवला. बायकांनी पहिला कप कसाबसा घशाखाली घातला आणि मग एकीला एकदम वाळत घातलेल्या मिरच्या आठवल्या, दुसरीला लेकीचा फोन. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात आणि तिसरीला बरका म्हणतात. तो घराचा आशीर्वाद, तो घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. अस्कालेचच्या घरातून त्या दिवशी सगळ्या पहिल्याच फेरीला उठल्या. तिने तवा धुऊन खुंटीला टांगला, तो दीड महिना तिथेच होता. बैठक आता समोरच्या येशिमेबेतकडे भरायची. अस्कालेच तिकडे फिरकत नसे. दुपारी तिकडचं हसणं ऐकू आलं की ती उगाच भांडी आपटायची. आपण भाजू, ती ओतेल, म्हणजे घर पुन्हा भरेल, असा देम्मेलाशचा साधा हिशेब होता.

गुरुवारी ती बाजाराला गेली तशी त्याने शेगडी पेटवली, बिया धुतल्या आणि तव्यावर टाकल्या. बिया हिरव्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या तांबड्या झाल्या आणि तो कौतुकाने बघत राहिला तोवर काळ्या ठिक्कर पडल्या. घरात धूरच धूर. बायकोला पत्ता लागू नये म्हणून शहाण्याने दार सताड उघडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि टॉवेलने धूर बाहेर हाकलायला लागला.

भाजणीचा धूर दारातून बाहेर आला की त्याचा अर्थ एकच, या! सगळा जन्म याच आळीत गेला होता, पण घाईत तेवढंच विसरला.

दोन मिनिटांत येशिमेबेत स्टूल घेऊन दारात हजर. मागे आणखी चौघी.

"काय हो दादा, बोलावलंत ना? मग दारात सामोरं कोण येणार? आणि आमची अस्कालेच कुठाय?"

"बाजारात. मी आपलं... छंद म्हणून."

"छंद!" येशिमेबेतने तव्यात डोकावून पाहिलं. "अहो, याने भिंत रंगवा हवं तर. बसचं टायर जाळलंत की काय?"

बायका पोट धरून हसल्या. पण आलेल्याला परत पाठवायची सोय नव्हती. त्याने मुकाट्याने दुसरा घाणा टाकला. मग काय, पाच जणी आणि पाच मतं. एक म्हणाली हलवा, एक म्हणाली हलवू नका, तिसरी म्हणाली कोळसे कमी करा.

"गप्प बसा गं सगळ्या!" तो ओरडला. "प्रवासी असे बोंबलत बसले असते तर मी बस दरीत घातली असती!"

तेवढ्यात दारात कोबीची टोपली घेऊन अस्कालेच उभी. बैठकीसाठी जमिनीवर गवत नाही पसरलेलं, ऊद नाही लावलेला, घरभर पाहुणे आणि शेगडीपाशी घामाघूम नवरा. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, संपलं, आज आपलं काही खरं नाही.

तव्यात पहिली बी तडकली. मग दुसरी.

"काढा, काढा!" बायकांनी एकच गलका केला.

"थांबा," अस्कालेच म्हणाली. तिने टोपली खाली ठेवली आणि डोळे मिटले. "अजून नाही. हलवत राहा." बिया लाह्यांसारख्या तडतडल्या, मग आवाज विरळ होत गेला. "आता. उतरवा!"

त्याने तवा उतरवला. बिया तांबूस, तकतकीत आणि एकसारख्या होत्या. रिवाजाप्रमाणे त्याने तवा प्रत्येकीपुढे धरला, प्रत्येकीने हाताने धूर आपल्याकडे ओढून घेतला. शेवटी तो बायकोपुढे आला.

तिने धूर ओढला.

"मला वास येत नाही गं," ती म्हणाली. "तापापासून येत नाही. त्या दिवशी बियांच्या तडतडीवरून कानाला सगळं कळत होतं, पण मी वासाची वाट बघत बसले आणि बिया जळाल्या. कशी झालीय भाजणी, सांगा तरी कुणी."

मग येशिमेबेत नाक पुसत म्हणाली, "बाई गं, एवढं पोटात ठेवून बसलीस? आणि आम्ही नालायक मिरच्यांचं निमित्त काढून उठलो!" तिने पुन्हा धूर हुंगला. "माझ्या घरी दीड महिन्यात असा वास एकदाही आला नाही. बस?"

मग अस्कालेचने खलबत्ता काढला. देम्मेलाशने कुटलं, तिने जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळून उंचावरून ओतलं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तिचं लक्ष कपांपेक्षा स्टुलांकडे जास्त होतं. बरका पिऊन झाली. एकही स्टूल हललं नाही.

येशिमेबेतने रिकामा कप पुढे केला.

"अगं, झाल्या की तीन. चौथी फेरी नसते," अस्कालेच म्हणाली.

"त्या दिवशीची राहिलीय माझी," येशिमेबेत म्हणाली.

बाकीच्या चौघींनीही कप पुढे केले. अस्कालेचने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय बसलात? आणखी एक घाणा टाका. छंद आहे ना तुमचा?"