घोंगडी आणि सडा

आमचे हे, म्हणजे मच्छिंद्र मास्तर, माणूस सोन्यासारखा, पण एका गोष्टीचा निकाल एका दिवसात लावतील तर शपथ. अंबडच्या बाजारात वांगी घ्यायला गेले तर दोनदा टोपलीपाशी जायचे, दोनदा माघारी फिरायचे, आणि शेवटी भोपळा घेऊन घरी यायचे. मी ओरडले की म्हणायचे, "साळू, वांग्याला कीड असंल असं वाटलं गं." कीड असायची नाही. कीड यांच्या मनात.

आम्ही अंबडच्या वाटेवरच्या ख्रिस्ती वस्तीत राहायचो. घरात तिघंच. मी, हे आणि माझी सासू गोजरबाई. तिला मी आत्या म्हणायचे. लेकरू झालं नव्हतं. हे वस्तीतली शाळा चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे उर्दू मराठीइतकीच सफाईने बोलायचे.

तेच उर्दू अंगाशी आलं. जालन्याच्या पाद्रीसाहेबांनी एक दिवस यांना बोलावून सांगितलं की आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेवर आपल्याकडची पुष्कळ माणसं कामाला आहेत. त्यांच्यात राहून त्यांची लेकरं शिकवायला आणि प्रभूचं वचन सांगायला हिंदुस्थानी बोलणारा माणूस पाहिजे. बायकोसकट जायचं. रविवारपर्यंत सांगा.

दोन वर्षं हा माणूस रोज प्रार्थनेत म्हणत होता, प्रभू, मला तुझ्या कामाला लाव, दूर असलं तरी लाव. आता प्रभूने लावलं, तर याच्या तोंडचं पाणी पळालं. जेवायला बसले की भाकरीचा तुकडा हातात तसाच. मी विचारलं, "अवो, मनात काय हाय?" तर म्हणाले, "हाक आलीय असं वाटून राह्यलंय. पण ती देवाची हाय का माझ्याच मनाची, ते कळंना."

मला जायचं नव्हतं, हे मी लपवून ठेवलं नाही. समुद्र मी पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. शिवाय आत्याला कुणाच्या भरवशावर टाकायचं? ती मात्र चुलीपाशी बसून राख सारखी करत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शेवटी शुक्रवारी यांनी तोड काढली. शास्त्रात एका भित्र्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. देव त्याला कामावर पाठवत होता आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. मग त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर दवाने ओली आणि भुई कोरडी असली तर मी समजेन तूच पाठवतोयस. आमच्याकडे लोकर म्हणजे सासऱ्यांची जुनी काळी घोंगडी. ती यांनी अंगणात मधोमध अंथरली आणि मला बजावलं, "दोन दिस अंगणात सडा टाकू नको. खूण बिघडंल."

मी मनातून खूश झाले. वैशाखात आमच्या भागात दव? तोंडाला थुंकी सुटत नाही अशा उन्हाळ्यात? देवाला पेचात पकडलं म्हणायचं, आणि आपण निवांत झोपायचं.

सकाळी उठून पाहते तो घोंगडी ओलीचिंब. भुई कोरडी ठणठणीत. हे गुडघ्यावर बसून घोंगडीला हात लावत होते. मी तोंड धुवायला रांजणाकडे गेले तर रांजण रिकामा. आदल्या संध्याकाळी मीच दोन खेपा करून भरला होता.

आत्या खाटेवर कमरेला हात लावून बसली होती. अजून अंधार होता तेव्हा तिने घोंगडी उचलून मोरीत भिजवली होती, आणि तसलं भिजलेलं धूड पुन्हा अंगणात नेऊन टाकलं होतं. साठीच्या बाईची कंबर धरणार नाही तर काय होईल?

हे शाळेत गेल्यावर मी तिला धरलं. "आत्या, हे काय केलंत? एकुलता एक लेक तुमचा. तो जावा असं वाटून राह्यलं का तुमाला?"

"मला कशाला वाटंल?" ती म्हणाली. "पण मी त्याचं तोंड बघून राह्यले. राह्यला तं माझ्यासाठी राहील, आन जलमभर शाळेच्या दारातून रस्त्याकडं बघत बसंल. असला लेक घरात ठिवून मी काय करू?"

"मंग तोंडानं सांगायचं, जा म्हणून."

"तोंडातून निघंना, साळे." आणि ती रडायला लागली. मीही रडले. मग मी तिच्या कमरेला गरम तेल चोळलं आणि विहिरीवर गेले.

आता निकाल लागला असं कुणालाही वाटेल. पण माझा नवरा तो. संध्याकाळी म्हणाले, "साळू, त्या शेतकऱ्यानंबी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्या खेपी उलटं. घोंगडी कोरडी आन भुई ओली." मी कपाळावर हात मारला. वाळलेली घोंगडी पुन्हा अंगणात गेली.

रविवारी पहाटे जाग आली. आत्याही जागीच होती, पण तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती. म्हणजे आता सगळं माझ्यावर. मी नुसतं डोक्यावरून पांघरूण घेतलं असतं तरी पुरे होतं. भुई कोरडी राहिली असती, हे पाद्रीसाहेबांना नाही म्हणाले असते, आणि आम्ही तिघं सुखाने राहिलो असतो. मला तेच हवं होतं. पण शेजारच्या खाटेवर ती म्हातारी कण्हत पडली होती, जिने आपल्या हाताने लेक देऊन टाकला होता. मला यांचा राग आला, तिचा राग आला, आणि खरं सांगते, देवाचाही आला. त्या रागातच मी बादली उचलली.

अंधारातून आत्याचा आवाज आला. "शेण ताजं हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

रोज घालते तसा सडा घातला, फक्त घोंगडीच्या कडेकडेने जपून. एक थेंब तिच्यावर उडू दिला नाही.

उजाडल्यावर हे दारात आले. अंगण हिरवट ओलं, मधोमध घोंगडी कोरडी. त्यांनी वाकून वास घेतला.

"साळू, दवाला शेणाचा वास येतो व्हय?"

त्यांनी घरात आईकडे पाहिलं. "माय, आन कालचं?"

"काल देवानं मला उठवलं," आत्या पडल्या पडल्या म्हणाली. "तुला काय वाटलं, तो सोता पाणी भरतो?"

ते घोंगडीवर खाली बसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "खरंच दव पडलं असतं ना, तं मी तिसऱ्यांदा विचारलं असतं," ते म्हणाले. "मला देवाचं भ्या न्हवतंच. तुमा दोघींना इचारायचं भ्या होतं. आता बिलकुल न्हाई इचारत. आता मला बराबर कळलं कोण पाठवून राह्यलंय." त्या दिवशी पाद्रीसाहेबांना त्यांनी एकदाच हो म्हटलं आणि शब्द मागे घेतला नाही.

मोंबाशाचं सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. तिथं माझ्या नवऱ्याची शाळा भरभरून चालली, आणि समुद्राची मला भीती वाटायची ती वाटतच राहिली. रोज सकाळी अंगण झाडताना आत्याची आठवण यायची आणि जीव तुटायचा.

चौथ्या वर्षी रजा मिळाली. जालन्याच्या स्टेशनावरून टांगा केला आणि दुपारी वस्तीत उतरलो. अंगणात पाय ठेवला आणि दोघंही थबकलो. सगळं अंगण सड्याने बसून घट्ट, गुळगुळीत झालेलं. मधोमध मात्र एका घोंगडीएवढी जागा तशीच, नुसती मोकळी माती.

शेजारची मैमूनाबी कुंपणापाशी आली. आमच्यामागे आत्याला तिनेच सांभाळलं होतं. "गोजरमाय रोज इतकी जागा कोरडी सोडती," ती म्हणाली. "मी पुसलं तं म्हणती, मीबी देवाला एक बात इचारून ठिवलीय. जवाब येईपर्यंत तिथं पाणी टाकायचं न्हाई."

तेवढ्यात आत्या आमच्या पायांवर घालायला तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. वाकली होती, पण चालत होती. तिने आधी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मग आमच्या पायांकडे न येता ती अंगणाच्या मध्यावर गेली आणि सगळा तांब्या त्या कोरड्या मातीवर ओतला.

आमच्या पायांना पाणी उरलं नाही. मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि रांजणाकडे गेले. तो काठोकाठ भरलेला होता.