पुढचा ब्रेक

शर्यतीच्या दिवशी सकाळी माझी सायकल अंगणात उलटी उभी होती आणि तिचा पुढचा ब्रेक जागेवर नव्हता. रबर, वायर, मूठ सगळं वर्तमानपत्रावर मांडून माझे चुलते आबाजी पाना पुसत बसले होते. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

"तात्या, हे काय केलंत?"

"तुजा जीव वाचवला. पुढचा बिरेक दाबला की मानूस तोंडावर पडतंय. तुज्या बापाचं दात कसं गेलं, ठावं न्हाय?"

आमच्या इंदापूर भागात पोराला सायकल घेतली की आधी पुढचा ब्रेक काढतात, मग हार घालतात. पण ही गिअरची सायकल होती, सत्त्याण्णव साल होतं आणि शर्यत डाळजच्या माळावरून खाली उतरायची होती. तात्या तिचे पंच. त्यांनी नियमच केला होता : सगळ्यांचे पुढचे ब्रेक काढायचे.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, पण हे कळायला पदवी लागत नाही. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर जातो. मागचं हलकं होतं आणि नुसतं घसरतं. सुरुवातीला मीही सीटवर ताठ बसून मागचाच ब्रेक आवळायचो आणि हिवराच्या झाडाजवळच्या वळणावर हमखास आपटायचो. मग जळोचीच्या अमनने आणि मी सीट खाली घेतल्या. कंबर सीटच्या मागे न्यायची, पुढचा ब्रेक दोन बोटांनी हळूहळू दाबायचा, वळणाआधी सोडायचा. सगळा उन्हाळा त्यात घातला, तेव्हा कुठे न पडता उतरायला लागलो. ते सगळं आता त्या कागदावर पडलं होतं.

"तुला जमतंय रं, बाकीच्यांचं काय?" तात्या म्हणाले.

"त्यांना शिकवू की."

"शर्यत हाय का शाळा?"

माळावर मी सगळ्यांसमोर नाव मागे घेतलं. "भ्यालं वाटतं शास्त्रज्ञ!" कोणीतरी ओरडलं. ब्रेकचे सुटे भाग आणि पाना माझ्या पिशवीत होते. अमन म्हणाला, "मी जातो. एवढं शिकलोय, कायतरी उपयोग हुईलच."

नाही झाला. हिवराजवळ त्याचं मागचं चाक घसरलं, मुरमात लांब रेघ उठली आणि तो बोरीच्या जाळीत गेला. खांद्याचं हाड मोडलं.

तात्या धावत आले. त्याच्या तोंडावरची माती पुसत माझ्याकडे वळले. "बघ! बिरेक काढला म्हनून वाचला. न्हायतर तोंडावरच पडला असता."

पडला तर ब्रेकमुळे, वाचला तर ब्रेक नसल्यामुळे! अशा माणसाला कुठला पुरावा दाखवायचा?

अमनला जीपमध्ये बसवलं होतं. तो कण्हत म्हणाला, "मल्हार, लाव तो ब्रेक. उतर एकदा. मला बघू दे."

मी तिथेच सायकल उलटी करून ब्रेक बसवला. तात्या ओरडत होते, तरी वर चढलो आणि उतरलो. हिवरापाशी ब्रेक दाबला. पुढचं चाक अमनच्या रेघेवर थांबलं. मी पाय टेकवला.

"नशीब तुजं," तात्या म्हणाले.

मी हँडल त्यांच्यापुढे केलं. "नशीब नाही तात्या, हा ब्रेक. दाबून बघा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.