रोज ऐकणारा

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर संगीत करतो. घूंऽऽ, टक-टक, मध्येच शांतता. आईच्या मते लिफ्ट अडकल्यावर हाच आवाज येतो.

मी त्याच जातीच्या संगीतावर प्रबंध लिहितेय. ऐकायला मला कुठे सवड! इंटरनेटवर असं संगीत टाकणाऱ्या चार हजार जणांची पानं माझा प्रोग्रॅम रोज उघडतो, प्रत्येक ट्रॅक शेवटपर्यंत वाजवून लय मोजतो आणि कोण कोणाला दाद देतं ते टिपून ठेवतो. पहिली चाचणी घेतली ती भावाच्या पानावर, आणि मग ते यादीत तसंच राहून गेलं.

वर्षभराने भाऊ जवळजवळ नाचतच घरी आला. "ताई, इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला श्रोता मिळालाय! परदेशातला. माझे एकशे बाराच्या एकशे बारा ट्रॅक रोज ऐकतो. वर्षभरात एक दिवस खाडा नाही!" त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. किती वेळा ऐकलं त्या आकड्याखाली श्रोत्याच्या शहराचं नाव होतं. आमच्या विद्यापीठाने भाड्याने घेतलेला सर्व्हर त्याच शहरात आहे. माझा प्रोग्रॅम तिथूनच चालतो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, की आपलं मोजणंसुद्धा ऐकण्यात धरलं जातंय.

"रोज एकाने आकडा वाढला, तर कोणाला काय फरक पडतो?" सर म्हणाले. "तळटीप टाका. आणि माहिती भरपूर जमलीय, शुक्रवारी प्रोग्रॅम बंद करा."

खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून मी संध्याकाळी भावाच्या खोलीवर गेले.

"मागच्या वर्षी मी सगळं सोडणार होतो गं," तो आपणहून म्हणाला. "रात्र-रात्र झोप नाही, डॉक्टर गोळ्या वाढवत होते. मग हा आला. आता गोळ्याही सुटल्या."

मी तशीच परत आले. शुक्रवारी सर्व्हरवरचा प्रोग्रॅम बंद केला आणि घरच्या कॉम्प्युटरवर चालू केला, फक्त भावाच्या पानासाठी. म्हणे संशोधक! लाज वाटत होती, पण दुसरं काही सुचेना.

रविवारी भाऊ दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी.

"ताई, तो इथे आलाय! शहराचं नाव बदललंय बघ, परवापासून आपल्याच गावाचं दिसतंय. मी पानावर निरोप टाकलाय, चार वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटू म्हणून. तूही चल ना. मला परक्यांशी बोलता येत नाही."

आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. मी चपला घातल्या.

साडेपाच वाजले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून तो हसत होता, आणि माणसं नजर चुकवून पुढे जात होती.

"चल आता," मी म्हणाले. "नाही यायचा तो."

"थांब गं जरा." त्याने मोबाइल माझ्यापुढे केला. आकडा डोळ्यांदेखत एकाने वाढला. "आत्ता सत्तरावा ऐकतोय. सगळे संपवूनच निघेल."